बाई, तुम्ही म्हणाला होतात "हात बघ"

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

हे पत्र खरं तर फार आधी लिहायला हवं होतं. परवा इलियडचा, म्हणजे ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या ग्रीक महाकाव्याचा, चोविसावा सर्ग परत वाचायला घेतला, शेवटपर्यंत वाचला आणि मग उठून आधी ती जुनी वही शोधली. निळ्या कव्हरची, तुमच्या सांगण्यावरून केलेली. म्हटलं आता तरी लिहूया, आणि सगळ्यांसमोर लिहूया, कारण तुम्ही जे केलंत ते लोकांना कळायला हवं.

एम. ए. च्या दुसऱ्या वर्षाला मी महाकाव्याच्या पेपरात नापास झाले होते. मैत्रिणीनं तुमचा नंबर दिला, तुम्ही रिटायर झालेल्या, माझी तुमची ओळख ना पाळख, आणि तरी दर रविवारी संध्याकाळी तास-दीड तास फोनवर शिकवलंत, तेही तीन महिने. फीचं विचारलं की तुम्ही विषयच बदलायचात. पहिल्या रविवारी मी "प्राचीन महाकाव्यातील नायकाची लक्षणे" धडाधड म्हणून दाखवली होती, उच्च कुळ, अलौकिक बळ, देवांची मदत, कीर्तीची ओढ वगैरे आठ मुद्दे. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, "बरं, मग हेक्टर यात कुठे बसतो? तो तर पळाला ना गं?"

पळालाच होता. बाविसाव्या सर्गात वेशीबाहेर उभं राहून आई-बापांच्या विनवण्या न ऐकता ग्रीकांच्या सगळ्यात मोठ्या योद्ध्याची, अकिलीसची वाट बघणारा ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर, अकिलीस जवळ आल्यावर थरथरतो आणि धूम ठोकतो, ट्रॉयच्या तटाभोवती तीन फेऱ्या होतात. माझ्या आठ मुद्द्यांत याला कुठेच जागा नव्हती. तेव्हा तुम्ही म्हणालात, "मुद्दे ठेव बाजूला. एक वही कर. जिथे जिथे वीर दिसेल तिथे त्याचे हात काय करतायत ते बघ आणि लिहून काढ."

मला तेव्हा वाटलं हे काय भलतंच. पण सहाव्या सर्गापासून सुरुवात केली आणि पहिल्याच पानावर हेक्टर सापडला. तो लढाईतून घडीभर शहरात आलाय, बायको वेशीजवळ भेटते, दाईच्या कडेवर तान्हं पोर आहे, हा पोराला घ्यायला हात पुढे करतो आणि पोर बापाच्या शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा हलणारा तुरा बघून किंचाळत दाईला बिलगतं. आई-बाप दोघं हसतात. हेक्टर ते चकाकतं शिरस्त्राण डोक्यावरून काढतो, जमिनीवर ठेवतो, मग पोराला उचलून त्याचा मुका घेतो. पुढे बायको रडता रडता हसते तेव्हा तिला हातानं कुरवाळतो. हे सगळं वहीत उतरवताना मला पहिल्यांदा समजलं की हा पुढे पळाला तरी कवी त्याला का सोडत नाही. त्याच्याकडे गमावण्यासारखं काय आहे ते आपण आधीच बघून ठेवलेलं असतं, आणि हे सगळं असूनही तो चौथ्या फेरीला थांबतो. त्याला थांबवायला देवीनं त्याच्या भावाचं रूप घेऊन फसवलं हे खरं, पण फसवणूक कळल्यावर तो परत पळत नाही, तलवार उपसून समोर जातो.

मग वही भरतच गेली. होमरच्याच ओडिसी या दुसऱ्या महाकाव्याच्या आठव्या सर्गात आंधळा गायक डेमोडोकस येतो, दूत त्याची वीणा त्याच्या डोक्यावरच्या खुंटीला अडकवतो आणि हातानं ती कुठे सापडेल ते त्याला दाखवून देतो. त्याच सर्गात पुढे होमर या गायकाला सरळ "वीर" म्हणतो, जो शब्द तो अकिलीसला लावतो तोच. हे तुम्ही मला सांगितलं नव्हतंत, माझं मला सापडू दिलंत आणि मी ओरडत फोन केला तेव्हा तुम्ही नुसत्या "हं, मग?" म्हणालात. व्हर्जिलच्या ईनिड या लॅटिन महाकाव्यातल्या ईनियसचं तर विसरूच शकत नाही. ट्रॉय जळतंय, म्हाताऱ्या बापाला पाठीवर घेऊन निघायचंय, पण घरातले देव तो बापाला धरायला सांगतो, कारण आपले हात रक्तानं माखलेत, वाहत्या पाण्यात धुतल्याशिवाय त्यांना शिवायचं नाही. अर्जुनाच्या हातातून गांडीव गळून पडतंय हे मी "दुर्बलता" म्हणून लिहिलं होतं. तुम्ही ते खोडायला लावलंत, म्हणालात, "हात थरथरला म्हणून एखाद्याला नायकपदावरून काढणारा कवी मला तरी अजून भेटलेला नाही."

पण मला सगळ्यात जास्त ज्याबद्दल आभार मानायचेत ते अकिलीसबद्दल. मला तो आवडायचाच नाही, रुसून तंबूत बसलेला, हट्टी, हेक्टरला मारून त्याचं प्रेत रथामागे बांधून फरफटवणारा. तुम्ही म्हणालात, आवडू नकोस, फक्त हात बघ. अठराव्या सर्गात पॅट्रोक्लसचं प्रेत आणलंय आणि अकिलीस आपले "माणसं मारणारे हात" मित्राच्या छातीवर ठेवून रडतो, बच्चे चोरीला गेलेल्या सिंहासारखा. तिथे तुम्ही मला गिल्गामेश वाचायला लावलंत, मेसोपोटेमियातलं, मातीच्या पाट्यांवर लिहिलेलं, होमरच्या कित्येक शतकं आधीचं काव्य, आणि तिथेही गिल्गामेश मेलेल्या एन्किडूच्या छातीला हात लावून बघतो, ठोका लागत नाही, मग बछडे गमावलेल्या सिंहिणीसारखा येरझाऱ्या घालतो. मला त्या रात्री झोप लागली नव्हती बाई. दोन वेगळ्या भाषा, दोन वेगळे काळ, आणि जगातला सगळ्यात बलवान माणूस दोन्हीकडे तसाच, मेलेल्या मित्राच्या छातीवर हात ठेवून.

आणि मग चोविसावा. हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम पोराचं प्रेत मागायला रात्री शत्रूच्या छावणीत येतो, अकिलीसचे गुडघे धरतो आणि त्याच हातांचं चुंबन घेतो, होमर परत तोच शब्द वापरतो, "माणसं मारणारे", ज्यांनी त्याची कितीतरी मुलं मारलीत. अकिलीस त्याचा हात धरून हळूच बाजूला सारतो आणि दोघंही रडतात, एक पोरासाठी, दुसरा बापासाठी आणि मित्रासाठी. इथवर कुणालाही भरून येतं. पण तुम्ही मला पुढच्या ओळी तीनदा वाचायला लावल्यात. अकिलीस दासींना सांगतो की हेक्टरचं प्रेत आडबाजूला नेऊन धुवा, प्रायमला दिसता कामा नये, कारण पोराला बघून म्हाताऱ्याचा संताप अनावर झाला तर माझाही तोल जाईल आणि मी त्याला मारून टाकेन. त्याला स्वतःचे हात माहीत आहेत. मग प्रेत धुऊन झाल्यावर तो दुसऱ्या कुणाला सांगत नाही, स्वतः उचलतो आणि तिरडीवर ठेवतो. माझ्या आठ मुद्द्यांत "आत्मसंयम" नावाचा मुद्दाच नव्हता, आणि असता तरी त्या एका शब्दात हे मावलं नसतं.

फेरपरीक्षेत पास झाले ते तुम्हाला माहीतच आहे. त्यानंतरची एक गोष्ट मात्र मी तुम्हाला कधी नीट बोलले नाही. बाबा गेले तेव्हा मी पोचेपर्यंत उशीर झाला होता, रात्री झोपेतच गेले. आठवड्यानं तुमचा फोन आला. तुम्ही समजावलं नाहीत, "होतं असं" वगैरे काही म्हणाला नाहीत, फक्त विचारलंत, "वाचू का?" आणि हेक्टरच्या बायकोचा, अँड्रोमकीचा विलाप वाचलात, जिथे ती हेक्टरचं डोकं दोन्ही हातांत धरून म्हणते की मरताना तू अंथरुणातून माझ्याकडे हात केला नाहीस, एखादा शब्द बोलला नाहीस जो मी रात्रंदिवस आठवून रडले असते. मी फोनवर पंधरा-वीस मिनिटं नुसती रडत होते आणि तुम्ही लाइनवर थांबलात. त्या वीस मिनिटांसाठी हे पत्र आहे, बाकीचं सगळं त्याच्या मागून आलं.

आता एक शंका. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला रथात बसवून सांगतो की तू कुंतीचा थोरला, चल, राज्य तुझं. कर्ण राधेचं नाव घेतो, तिनं आणि अधिरथानं वाढवलं म्हणतो, नकार देतो, आणि हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस असंही बजावतो. एवढं सगळं झाल्यावर तो कृष्णाला घट्ट मिठी मारतो आणि रथातून उतरतो. इतकी वर्षं वाचूनही ती मिठी मी वहीत लिहिलीच नव्हती, परवा दिसली. ज्याच्या बाजूनं आपण लढणार नाही, उलट ज्याच्या बाजूकडून मारले जाणार, त्याला कर्ण मिठी का मारतो? मी दोन पानं लिहिलीत पण मला पटलेली नाहीत. रविवारी संध्याकाळी फोन करते, नेहमीच्या वेळी.

तुमची,
निळ्या वहीवाली