गुरूचे चार ठिपके

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "पगार वाढला, तरी तोच जुना फोन? काही अडचण आहे का गं?" अडचण काही नाही. पण तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

लहानपणी मला तुमच्या काटकसरीची लाज वाटायची. मधोमध विरलेली चादर आई उभी फाडायची आणि कडेच्या धड बाजू मध्ये घेऊन शिवायची. ती शिवण पाठीला टोचायची. मैत्रीण राहायला आली की मी तिच्यावर दुसरी चादर पसरायचे. नोकरी लागल्यावर त्याचा सूडच उगवला म्हणा ना! दिसेल ते घेत सुटले. दोन वर्षं हप्ते फेडण्यात गेली आणि घेतलेल्यातलं निम्मं अजून खोक्यातच आहे.

आता एक वही केलीय. काही घ्यावंसं वाटलं की तारीख घालून लिहायचं आणि महिनाभर थांबायचं. महिन्यानं वाचताना बहुतेक वेळा हसूच येतं. त्या वहीतून तावूनसुलाखून निघाली ती एक दुर्बीण. तीही वापरलेली, १० बाय ५०ची (म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ५० मिलिमीटरची), एका बाजूचं रबर निखळलेलं.

रात्री गच्चीवर गेलं की डोळे अंधाराला सरावेपर्यंत वीसेक मिनिटं नुसतं बसायचं. मध्येच फोन पाहिला की पुन्हा पहिल्यापासून. मग कोपरं कठड्यावर टेकवायची, श्वास धरायचा, तेव्हा कुठे गुरू थरथरायचा थांबतो. त्याच्या बाजूला एका रेषेत बारीक ठिपके असतात, १६१० मध्ये गॅलिलिओला दिसलेले तेच चार चंद्र. त्यांच्या जागा मी रोज पेन्सिलीनं टिपते. त्यांतल्या कॅलिस्टोला गुरूभोवती एका फेरीला जवळजवळ १७ दिवस लागतात. आयो मात्र साडेबेचाळीस तासांत परत हजर, आणि बहुतेकदा गुरूच्या झगझगाटात बुडालेला. पहिल्या आठवड्यात दोनदा वैतागून वही भिरकावली. आता बसवतं. ऑफिसात समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत गप्प राहणंसुद्धा हल्ली जमायला लागलंय, यावर आईचा विश्वास बसणार नाही.

पण माझं एक भांडण आहे. बाबा, नंबर वाढला तरी तुम्ही जुनाच चष्मा ओढताय. आणि आई, तू दिवा न लावता जिना उतरतेस. याला मी काटकसर म्हणणार नाही. हे माझ्या वहीत महिनाभर थांबायचंही नाही. चष्मा याच आठवड्यात करा.

पुढच्या महिन्यात येतेय, दुर्बीण घेऊन. आईच्या गुडघ्यांना गच्ची नको, अंगणातच खुर्च्या टाकू. आणि बाबा, दुर्बिणीला डोळे लावताना चष्मा काढला तरी चालतो, फोकस फिरवून भागतं. पण तेवढ्यावरून नवा चष्मा टाळू नका!

तुमची लेक