स्नायडर सरांना, लातूरहून

आदरणीय बिल स्नायडर सर,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, ते मराठीत आहे. इंग्रजीत लिहायला बसले की माझ्या हातून पत्राऐवजी अर्जच उतरतो, म्हणून म्हटलं, आपल्या भाषेत लिहावं.

तुम्ही कॅन्सस स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होतात आणि मी तिथली विद्यार्थिनी, पण आपली भेट कधी झाली नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये परभणीहून अन्नतंत्राची पदवी घेऊन मी मॅनहॅटनला आले. न्यूयॉर्कच्या नव्हे, कॅन्ससच्या. (आईने गल्लीत न्यूयॉर्कच सांगून ठेवलं होतं आणि मीही ते बरेच दिवस दुरुस्त केलं नाही.) धान्य दळण्याचं शास्त्र शिकायला लोक जगभरातून कॅन्सस स्टेटला येतात. आमची शिकाऊ पिठाची गिरणी किंबॉल रस्त्यावर, आणि तुमचं मैदानही त्याच रस्त्यावर. शनिवारी सामना असला की गिरणीकडे जायचं म्हणजे जांभळ्या शर्टांच्या गर्दीतून वाट काढत जायचं.

मला तेव्हा तुमचा खेळ अजिबात कळत नव्हता. नाव फुटबॉल, आणि चेंडूला पाय क्वचितच लागतो! घरमालक आजोबा गव्हाचे निवृत्त शेतकरी. त्यांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर मीठदाणी आणि मिरीदाणी मांडून मला समजावलं: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही सरकलात तर चेंडू समोरच्याचा. मी म्हटलं, म्हणजे आमची कबड्डीच की, फक्त कपडे जास्त. आजोबांनी कबड्डी पाहिली नव्हती, पण ते मान हलवून हो म्हणाले.

तुमची गोष्ट मला त्यांच्याकडूनच कळली. इकडच्या वाचकांना ती माहीत नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. तुम्ही तेवढा भाग सोडून द्या.

१९८८ च्या अखेरीस तुम्ही आयोवा विद्यापीठाच्या संघातली नोकरी सोडून या संघाचे मुख्य प्रशिक्षक झालात. तेव्हा तुम्ही ४९ वर्षांचे होतात. वरच्या श्रेणीच्या कॉलेज फुटबॉलमध्ये ५०० पराभवांचा आकडा सगळ्यात आधी गाठणारा संघ हाच. आधीच्या २७ सामन्यांत एकही विजय नव्हता, एक तेवढा बरोबरीत सुटला होता. मोसमानंतर चांगल्या संघांना 'बोल' सामन्याचं आमंत्रण येतं, ते यांना सबंध इतिहासात एकदाच, १९८२ मध्ये आलं होतं. स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड या क्रीडा साप्ताहिकाने १९८९ मध्ये या विद्यापीठाची देशभर खिल्ली उडवली. आजोबा म्हणायचे, "आम्ही मैदानात जायचो ते बँड ऐकायला. मध्यंतरात बँड वाजला की उठून घरी."

आणि तुम्ही येताच काय म्हणालात, तर कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा कायापालट घडवण्याची संधी इथेच आहे. गावात लोक हसले असणार. मीसुद्धा हसले असते.

पहिल्या वर्षी ११ सामने झाले आणि त्यांतला एक जिंकलात. ३० सप्टेंबर १९८९ ला नॉर्थ टेक्सासविरुद्ध, २० विरुद्ध १७, अगदी शेवटच्या चालीवर. ऑक्टोबर १९८६ नंतरचा तो पहिला विजय. पुढच्या वर्षी ५ सामने जिंकलात, त्याच्या पुढच्या वर्षी ७. आणि १९९२ मध्ये परत ५.

सर, तुमच्यावर लिहिणारे सगळे १९९८ बद्दल लिहितात. मला हे १९९२ आवडतं. तीन वर्षं घाम गाळून गाडी चढाला लागली, आणि मग ती मागे घसरली. मोसमाचा शेवटचा सामना तर नेब्रास्काशी थेट टोकियोत जाऊन खेळलात, आणि तिथेही हरून आलात. त्या डिसेंबरात, परतीच्या विमानात तुम्ही काय विचार करत होतात ते मला कुणी सांगितलं तर हवं आहे. एवढं मात्र नोंदलेलं आहे की १९९३ मध्ये संघाने ९ सामने जिंकले आणि कॉपर बोलमध्ये वायोमिंगला ५२-१७ ने लोळवलं. या संघाच्या नावावरचा तो पहिला बोल विजय.

आता माझं सांगते. २०१२ च्या ऑक्टोबरात तुमचा संघ एकेक सामना खिशात घालत होता आणि मी संख्याशास्त्राच्या परीक्षेत शंभरात ३८ गुण आणले होते. परभणीत मी पहिल्या तिघांत असायचे. घरी फोनवर 'छान चाललंय' म्हणायचं आणि खोलीत येऊन भिंतीकडे बघत बसायचं. परतीच्या तिकिटाचे दरही पाहून ठेवले होते. आजोबांना हे कसं कळलं माहीत नाही. एके सकाळी फ्रिजवर चुंबकाखाली एक कागद दिसला: तुमची सोळा सूत्रं, गावात घरोघरी माहीत असलेली. निष्ठा, निःस्वार्थ, एकजूट अशी यादी. खरं सांगते, मला असल्या याद्यांचा कंटाळा आहे, आमच्या शाळेच्या भिंतीवर अशा बऱ्याच होत्या. पण चौथ्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली होती. सुधारणा, रोज.

मी विचारलं, रोज किती? आजोबा म्हणाले, "बिलने ते कधी सांगितलं नाही. पण पहिल्या वर्षी तो विजय मोजत बसला असता तर नाताळाआधी पळून गेला असता."

मी रोज एक गणित जादा सोडवायला लागले. दोन नव्हे, एकच. पुढच्या परीक्षेत ५७ आले. हा काही पराक्रम नव्हे, पण मी तिकिटाचे दर बघणं थांबवलं.

त्याच नोव्हेंबरात तुमचा संघ देशात पहिल्या क्रमांकावर पोहोचला आणि १७ तारखेला बेलरने ५२-२४ ने तुमचा धुव्वा उडवला. आम्ही तळघरात टीव्हीसमोर बसलो होतो. राष्ट्रीय विजेतेपदाचं स्वप्न तीन तासांत आटोपलं. आजोबांनी टीव्ही बंद केला, मक्याच्या लाह्यांचं भांडं उचललं आणि म्हणाले, "टेक्सास बाकी आहे." डिसेंबरच्या १ तारखेला टेक्सासला ४२-२४ ने हरवून तुम्ही बिग ट्वेल्व्हचा, म्हणजे आपल्या विद्यापीठांच्या गटाचा, किताब घेतलात. मी त्या दिवशी मैदानात होते, तुमच्या कुटुंबाचं नाव लावलेल्या मैदानात. २००५ मध्ये निवृत्त झालात तेव्हा लोकांनी ते नाव दिलं. मधल्या तीन वर्षांत संघ पुन्हा घसरला, आणि २००९ मध्ये तुम्ही सत्तरीच्या उंबरठ्यावर परत आलात. एकच संघ दोनदा उभा केलात. आपलंच नाव असलेल्या मैदानात हरायची भीती वाटत नसेल का?

लोक ज्याच्याबद्दल लिहितात त्या १९९८ चंही दुःख मी आजोबांकडूनच उसनं घेतलंय. ओळीने ११ विजय, त्यात नेब्रास्कावर ३० वर्षांनी पहिला. मग सेंट लुईसमध्ये टेक्सास ए अँड एमविरुद्ध शेवटच्या सत्रात २७-१२ अशी आघाडी, आणि शेवटी दोन जादा डावांनंतर ३६-३३ असा पराभव. वर मोठ्या बोलवाल्यांनीही तुम्हाला डावलून टाकलं. २००३ मध्ये तुम्ही पहिल्या क्रमांकाच्या अपराजित ओक्लाहोमाला ३५-७ ने झोपवलंत. त्या रात्री २३५ यार्ड धावला तो डॅरेन स्प्रोल्स, साडेपाच फूट उंचीचा, कॅन्ससचाच पोरगा. मोठ्या कॉलेजांनी उंची बघून सोडलेली, छोट्या ज्युनियर कॉलेजांतून आलेली, शिष्यवृत्तीशिवाय चाचणी देऊन घुसलेली अशी पोरं तुम्ही घेत राहिलात. जॉर्डी नेल्सन तर मॅनहॅटनजवळच्या रायली गावचा, शेतकऱ्याचा मुलगा.

तुमचं सगळंच मला पटतं असं नाही. सुरुवातीला दुबळे प्रतिस्पर्धी निवडून विजय वाढवल्याची टीका तुमच्यावर झाली आणि ती खोटी नव्हती. मला ती चतुराई वाटते, आजोबांना ती दुखायची. दिवसातून एकदाच, रात्री उशिरा जेवायचं हे तर आमच्या आईने ऐकलं असतं तर तुमच्या घरी फोन केला असता. २०१७ मध्ये एका मुलाला दुसऱ्या विद्यापीठात जायला तुम्ही अडवलंत, तेव्हा मला तुमचा राग आला होता. पुढे परवानगी दिलीत, माफीही मागितलीत. त्याच वर्षी घशाच्या कर्करोगावर उपचार घेऊनही तुम्ही मैदानावर उभे राहिलात. २०१८ च्या डिसेंबरात थांबलात तेव्हा एकूण हिशेब होता २१५ विजय, ११७ पराभव, १ बरोबरी.

मी २०१५ मध्ये लातूर जिल्ह्यात परतले. एका शेतकरी कंपनीची डाळ मिल होती. चार वर्षांत तीन व्यवस्थापक निघून गेले होते. गावात तिला 'बंद मिल' म्हणायचे, चालू असतानाही. पहिल्या दिवशी पाहिलं तर तुरीचा ओलावा तपासायला मुकादम दाणा दाताखाली धरून चावत होते. ओलावा मोजायचं यंत्र कपाटात, खोक्यासकट. चाळण्यांच्या जाळ्या बुजलेल्या. क्विंटलभर तुरीतून ६८ किलो डाळ निघत होती, त्यातही तुकडा भरपूर.

संचालकांच्या बैठकीत सगळ्यांचं एकच: सॉर्टेक्स, म्हणजे रंगावरून डाळ निवडणारं मशीन, आणा. मी म्हटलं, आधी जाळ्या धुऊ. अध्यक्ष काका हसून म्हणाले, "पोरी, अमेरिकेतून जाळ्या धुवायला शिकून आलीस का?" तसंच म्हणा. (तुम्हीही विद्यापीठाकडून नव्या सोयी मागून घेतल्या होत्या हे मला ठाऊक आहे. पण ते काकांना कशाला सांगा.)

दाराशी एक फळा लावला. रोज संध्याकाळी त्यावर त्या दिवशीचा उतारा, म्हणजे क्विंटलमागे किती किलो डाळ निघाली ते, लिहायचा, दुसरं काही नाही. नफा नाही, तोटा नाही. ६८. ६८. ६७, त्या दिवशी पट्टा घसरला होता. ६९ लिहिलं त्या संध्याकाळी मुकादमांनी स्वतःच्या पैशाने भजी आणली. दुसऱ्या वर्षी ७२ झाला आणि तिसऱ्या वर्षी, अवकाळीत भिजलेली तूर आली तेव्हा, परत ६९. संचालक म्हणाले, बघा, आपल्या नशिबात नाही. मी घरी येऊन तुमचं १९९२ काढून बसले. खरंच बसले, वहीत आकडे लिहून: १, ५, ७, ५, ९. मुकादमांनाही दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे पाचावर आलोय आपण." फुटबॉल काय असतं हे त्यांना आजही माहीत नाही.

आता उतारा ७४ च्या आसपास असतो. सॉर्टेक्सही आलं, मागच्या दिवाळीत.

या सगळ्याबद्दल आभार मानायचेच होते. पण पत्र आज लिहायचं कारण वेगळं आहे. तुम्ही प्रतिस्पर्धी संघातल्या खेळाडूंना, एखादा जखमी झाला तर त्यालाही, स्वतःच्या हाताने चार ओळी लिहायचात, जांभळ्या शाईत. हे मला आकड्यांपेक्षा जास्त लक्षात राहिलंय. ज्याच्याशी शनिवारी झुंजायचं, त्याला सोमवारी पत्र.

गेल्या महिन्यात आमच्या समोरच्या मिलमधल्या ऑपरेटरचा हात पट्ट्यात सापडला. बोटं वाचली, पण दोन महिने घरी बसायची वेळ आली. ती मिल आमची तूर पळवते, आम्ही त्यांची. मी जांभळं पेन शोधत तीन दुकानं फिरले, शेवटी मुलांच्या रंगीत पेनांच्या पाकिटात मिळालं. लिहिलं की तुमचं मशीन सेटिंग आम्ही लांबून बघून शिकलो, लवकर बरे व्हा, तुमच्याशिवाय स्पर्धेत मजा नाही. पाकीट मुकादमांच्या हाती पाठवलं.

दुसऱ्या दिवशी त्या ऑपरेटरचा फोन आला. आवाज सावध.

"मॅडम, पत्र मिळालं. पगार किती देणार, ते लिहायचं राहिलं वाटतं."

आपली,
एक जुनी विद्यार्थिनी
लातूर