अण्णांची ज्वारी, तीन मिनिटांत

तीर्थरूप अण्णा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

दिवाळीचं तिकीट मी काढलेलं नाही. फोनवर सांगायला धीर झाला नाही, म्हणून लिहितेय. वॉरिकजवळच्या शेतात माझी शेवटची चाचणी ऑक्टोबरअखेर पेरायची आहे. इथं ऑस्ट्रेलियात तेव्हा सुरू होणारा उन्हाळा हाच ज्वारीचा हंगाम, तो हुकला की वर्ष गेलं. अण्णा, वापसा आलेलं रान सोडून तुम्ही सख्ख्या भाच्याच्या लग्नालाही गेला नव्हता, तेव्हा तुम्हाला पटेल. आईला तुम्हीच समजवा. गुढीपाडव्याला नक्की येते.

दुसरं म्हणजे, येत्या रविवारी मी माझं संशोधन ऑनलाइन मांडणार आहे, मराठीत, कुणालाही बघता येईल असं. आई, सगळ्यांसमोर कशाला, असं तू म्हणशील. पण ज्यांच्या रानात हे पीक उभं राहतं त्यांनाच ते कळणार नसेल, तर मी इतकी वर्षं लांब राहून केलं काय?

पद्धत मी इथल्या ‘थ्री मिनिट थीसिस’ या स्पर्धेचीच ठेवलीय. बोलायला तीन मिनिटं, मागं एकच चित्र, तेही न हलणारं. तीन मिनिटांच्या वर गेलं की बाद. 80,000 शब्दांचा प्रबंध वाचून दाखवायला नऊ तास लागतील, त्याचा हा अर्क. स्पर्धा सुरू झाली ती आमच्याच क्वीन्सलंड विद्यापीठात, 2008 साली. तेव्हा इथं मोठा दुष्काळ होता. पाणी वाचवायला लोक न्हाणीघराच्या भिंतीवर तीन मिनिटांचं घड्याळ लावून तेवढ्यात अंघोळ उरकायचे. त्यावरून अ‍ॅलन लॉसन या प्राध्यापकांना ही कल्पना सुचली. मला हे कळलं तेव्हा आपला टँकर आठवला आणि परकं वाटेनासं झालं.

माझ्या चित्रात ज्वारीची दोन ताटं आहेत. माती एक, पाणी तेवढंच. एकाची खालची पानं वाळून कागदासारखी झालीत, दुसऱ्याची दाणा भरेपर्यंत हिरवी. हिरवं राहणारं ताट जमिनीतून जास्त पाणी ओढतं असं कुणालाही वाटेल, पण बरेचदा उलटं असतं. ते सुरुवातीला बुडाशी जास्तीचे कोंब, म्हणजे फुटवे, कमी काढतं, पानांचा पसारा आवरतं. म्हणून फुलोऱ्यानंतर, खरी गरज असते तेव्हा, खाली ओल शिल्लक राहते. हे सांगताना मी तुझंच उदाहरण घेतलंय, आई. टँकर आला की बाकीच्या घरांत धुणी निघायची, आणि तू टिपाडावर झाकण ठेवून त्यावर दगड ठेवायचीस. नाव घेतलेलं नाही, काळजी करू नकोस. लहानपणी त्या दगडाचा मला फार राग यायचा. आता तो सांगताना आवाज भरून येतो, म्हणून ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून बसवतेय.

अण्णा, आपल्या मालदांडी ज्वारीचं नावही त्यात आहे. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ती नुसत्या ओलीवर कशी निघते, हे इथल्या लोकांना मी तुमच्या तोंडून ऐकलेल्या शब्दांत सांगितलं होतं. सगळ्यांत जास्त प्रश्न त्यावरच आले.

माझं इथं बरं चाललंय. ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं, भाकरी थापते, चिरते थोडी पण पोटभर होते. शेतावर जाताना टोपी आणि पाणी बरोबर असतं. एकटी जात नाही.

आता ऐका. रविवारी दुपारी दीडला लावा, इथं तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असतील. त्याआधी जेवून घ्या. अण्णा, बीपीची गोळी चुकवायची नाही, आणि यंदा पेरणीला कुरीमागं तुम्ही चालायचं नाही. गडी लावा, पैसे मी पाठवलेत. गुडघ्याचा एक्स-रे याच आठवड्यात काढून घ्या. चिडून सांगत नाही, पण लांबून दुसरं काय करू? आई, तूही उपासाच्या नावाखाली नुसत्या चहावर राहू नकोस.

बघून झालं की लगेच फोन करा. कुठं कळलं नाही ते आधी सांगा, कौतुक नंतर. अण्णा, फुटव्यांबद्दल मी म्हणते ते तुमच्या अनुभवाला पटत नसेल तर स्पष्ट सांगा. प्रबंध अजून छापायचा आहे.

तुमची,
ताई