मास्क बाळंतिणीच्या हातात द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत लाफिंग गॅसवर अर्धं पान मजकूर आला. लंडनच्या फुटपाथवर पडलेली या गॅसची रिकामी स्टीलची काडतुसं, तो भरून ओढायचे फुगे, पार्ट्या, पोलीस, सगळं होतं. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ पासून नशेसाठी हा वायू जवळ बाळगणं गुन्हा ठरवलं, नेदरलँड्सने त्याच वर्षी जानेवारीत बंदी घातली, हेही बरोबरच. पण त्याच ब्रिटनमध्ये कळा सुरू झालेल्या बायकांना हाच वायू रोज दिला जातो, त्याबद्दल एक ओळ नाही. मी ओटी (ऑपरेशन थिएटर) आणि लेबर रूममध्ये काम करून निवृत्त झालेली परिचारिका आहे. ती राहिलेली ओळ लिहायला हे पत्र.

लाफिंग गॅस म्हणजे नायट्रस ऑक्साइड. त्याचं नशीबच असं, आधी तमाशा आणि मग उपचार. हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने १७९९ मध्ये ब्रिस्टलला तो स्वतः हुंगून पाहिला, त्याच्या दाढेचा ठणका त्याने कमी झाला, आणि शस्त्रक्रियेत याचा उपयोग होऊ शकेल असं त्याने १८०० मधल्या पुस्तकात लिहूनही ठेवलं. कोणी ढुंकून पाहिलं नाही. पुढची चाळीसेक वर्षं लोक तिकीट काढून गॅस हुंगत आणि हसत-पडत राहिले. डिसेंबर १८४४ मध्ये अमेरिकेत हार्टफर्डला अशाच एका खेळात होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्याने पाहिलं, की गॅस घेतलेल्या माणसाचा पाय चांगला सोलवटला तरी त्याला पत्ता नाही. दुसऱ्याच दिवशी त्याने गॅस घेऊन स्वतःची दाढ काढवून घेतली. पुढच्याच महिन्यात बॉस्टनला डॉक्टरांपुढे प्रयोग केला, तर रुग्ण ओरडला आणि बिचाऱ्याची हुर्यो उडाली. हा वायू वेदना बोथट करतो, पण एकट्याने पुरती भूल देत नाही. म्हणून ओटीत तो कायम दुसऱ्या औषधांच्या जोडीला असतो.

लेबर रूममध्ये मात्र पुरती भूल नकोच असते. तिथे निम्मा नायट्रस आणि निम्मा ऑक्सिजन असं मिश्रण देतात. ते एकाच सिलिंडरमध्ये तयार मिळण्याची सोय १९६१ मध्ये ब्रिटनमधल्या मायकेल टनस्टॉल या भूलतज्ज्ञाने केली. कळ येतेय असं वाटताच बाईने मास्क तोंडावर घट्ट धरायचा आणि सावकाश, खोल श्वास घ्यायचे. परिणाम जमायला अर्धा-पाऊण मिनिट लागतं, त्यामुळे कळ शिगेला पोचल्यावर मास्क शोधत बसलं तर उपयोग नाही. श्वास आत ओढला की व्हॉल्व्ह उघडतो, नाहीतर बंद. ओठांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, कोणाकोणाला मळमळतं. मास्क काढला की काही मिनिटांत सगळं निवळतं. एक पहिलटकरीण मला म्हणाली होती, ‘सिस्टर, दुखतंय तर खरं, पण जरा लांबून दुखतंय.’ याहून चांगलं वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

मास्क तिने स्वतःच धरायचा, ही यातली खरी मेख. गुंगी जास्त झाली की हात आपोआप खाली येतो आणि गॅस थांबतो. आपल्याकडे हमखास होतं काय, तर सासूबाई किंवा आई मायेपोटी पुढे होऊन मास्क दाबून धरतात. मग ती सोयच संपते. अशा वेळी कितीतरी वडीलधाऱ्यांना मी ‘आई, हात काढा’ म्हणून दटावलेलं आहे.

हे सारं आज मोठ्या शहरांतल्या काही खासगी प्रसूतिगृहांत मिळतं. लहान मुलांच्या दातांच्या एसी दवाखान्यांतही गॅसची सोय असल्याच्या पाट्या दिसतात. तालुक्याच्या सरकारी लेबर रूममध्ये मात्र बाईला अजून ‘ओरडू नकोस, सगळ्यांनाच होतं’ एवढंच औषध. एपिड्युरल, म्हणजे कळा बधिर करणारं पाठीतलं इंजेक्शन, द्यायचं तर भूलतज्ज्ञ हवा, आणि तालुक्याला तो चोवीस तास कुठून आणणार? या मिश्रणाला शिकवून तयार केलेली सिस्टर पुरते. वेदना एपिड्युरलइतक्या जात नाहीत हे आधीच स्पष्ट सांगावं, पण काहीच नसण्यापेक्षा ते किती तरी बरं.

आता धोक्याचं. तुमच्या लेखात गुदमरून मरण्याचा उल्लेख आहे आणि तो खराच आहे. ऑक्सिजनशिवाय नुसता नायट्रस ओढला तर माणूस बघता बघता जाऊ शकतो. पण आपल्या वाचकांना जास्त लागू पडणारी गोष्ट राहून गेली, ती म्हणजे बी-१२. हा वायू शरीरातलं बी-१२ जीवनसत्त्व निकामी करतो. मज्जातंतूंवरचं आवरण टिकायला तेच लागतं. फुग्यांतून हा गॅस वारंवार ओढणाऱ्या तरुणांचे पाय आधी बधिर होतात, मग चाल बिघडते, काही जण व्हीलचेअरवर येतात. शिवाय रक्तातलं बी-१२ तपासलं तर आकडा नॉर्मल दिसू शकतो, म्हणून होमोसिस्टीन बघावं लागतं; बी-१२ निकामी झालं की रक्तात हे वाढतं.

कळांपुरता, काही तास घेतलेला गॅस धडधाकट बाईला असं काही करत नाही. पण आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ मुळातच कमी असतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर आणखी कमी. ज्याचा साठा आधीच तळाला गेलाय त्याला ऑपरेशनमधल्या एका भुलीनंतरही त्रास सुरू झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. संमतिपत्रावर ‘दारू पिता का, तंबाखू खाता का’ हे विचारतात, तिथेच ‘तळपायांना मुंग्या येतात का’ एवढं विचारायला काय हरकत आहे? गरोदर बाईची रक्ततपासणी होतेच, इंजेक्शनही स्वस्त आहे. तसंच डोळ्याच्या पडद्याच्या ऑपरेशनमध्ये आत वायूचा बुडबुडा सोडला असेल, तर तो विरेपर्यंत हा गॅस अजिबात घ्यायचा नाही. बुडबुडा फुगतो आणि दृष्टी जाऊ शकते. हे रुग्णानेच आपणहून सांगायला हवं, कारण दाताच्या डॉक्टरला ते कळणार कुठून?

खोली बंद आणि एसी असेल तर उच्छ्वासातला गॅस तिथेच साठतो आणि दिवसभर तो हुंगते ती सिस्टर. तो शोषून बाहेर टाकायची व्यवस्था नसेल तर सोय सुरूच करू नये. पर्यावरणाचा मुद्दाही खोटा नाही. हा वायू हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट आहे, जरी त्यातला मोठा वाटा दवाखान्यांचा नसून शेतातल्या नत्रखतांचा असला तरी. ब्रिटनच्या रुग्णालयांत पुष्कळसा गॅस रुग्णापर्यंत पोचायच्या आत पाइपलाइनमधूनच गळतो असं आढळलं, म्हणून ते आता पाइपलाइन बंद करून सुटी सिलिंडरं वापरू लागलेत. आपण उशिरा सुरुवात करणार आहोत, तर पाइपचं टेंडर काढायच्या भानगडीत न पडलेलंच बरं.

तुमचे वार्ताहर तालुक्याला जातातच. एखाद्याला लेबर रूमच्या दारात उभं करून तिथल्या सिस्टरना विचारायला सांगा, कळा थांबवायला नाही, निदान सोसवायला तुमच्याकडे काय आहे?

आपली,
एक निवृत्त परिचारिका, मिरज

ता. क. लेखासोबत ‘लाफिंग गॅसचा सिलिंडर’ म्हणून छापलेला फोटो काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या गळ्याचा होता. तो ऑक्सिजनचा. नायट्रसचा निळा असतो. या दोघांची अदलाबदल होऊ नये म्हणून ओटीत दोन्ही सिलिंडरांच्या तोंडाशी वेगवेगळ्या जागी पिनांची भोकं ठेवलेली असतात, तेव्हा दुरुस्ती छापलीत तर बरं होईल.