‘रुजणे’ आणि ‘रोग’ यांचे नाते नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील शब्दविषयक सदरात ‘रुजणे’ हे क्रियापद संस्कृतातील ‘रुज्’, म्हणजे मोडणे, पीडा देणे, या धातूपासून आल्याचे सांगून, बी फुटल्यावाचून अंकुर येत नाही, म्हणून ‘रोग’ आणि ‘रुजणे’ ही भावंडे, असा निष्कर्ष काढला आहे. कल्पना चटकदार आहे. ध्वनिबदलांचे नियम मात्र तिच्या बाजूचे नाहीत. दोन स्वरांमध्ये एकटा सापडलेला ‘ज’ प्राकृतात सहसा टिकत नाही. ‘राजा’चा ‘राया’ झाला तो त्यामुळेच. उलट उगवणे, वाढणे, वर चढणे या अर्थाचा ‘रुह्’ धातू घेतला, तर ‘रुह्य’ या रूपातील ‘ह्य’चा प्राकृतात ‘ज्झ’ होतो आणि मराठीत येताना त्यातला हकार गळतो. ‘गुह्य’चे ‘गुज्झ’ आणि त्याचे आपले ‘गूज’ झाले ते याच वाटेने. हिंदीत ‘सांझ’ राहिली, मराठीत ‘सांज’ झाली, तीही अशीच. आरोह, रोप, इतकेच काय, रूढ आणि रूढी हेही ‘रुह्’चेच गोत.

‘रुजणे’, ‘उगवणे’ आणि ‘मोड येणे’ हे समानार्थी असल्याचे विधानही पटण्यासारखे नाही. ‘उगवणे’ हे ‘उद्गम्’वरून आलेले, ‘ग्राम’चे गाव व्हावे तसा ‘म’चा ‘व’ होऊन. त्यात वर येणे महत्त्वाचे, म्हणून सूर्य उगवतो, रुजत नाही. रुजणे मातीच्या आत घडते. पेरणीनंतर जोराची सर येऊन मग ऊन पडले, की वरची माती पपडीसारखी कडक होते आणि रुजलेले बीसुद्धा उगवत नाही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. बियाण्याच्या पिशवीवर ‘उगवणशक्ती’ छापतात तीही नीट वाढलेली रोपे मोजूनच. फडक्यात बांधलेल्या मटकीला मोड येतात. ती रुजली, असे मंडईत कोणी म्हणणार नाही. नवरात्रात घटापाशी मातीत पेरलेल्या धान्याला मात्र कोकणात ‘रुजवण’ म्हणतात.

पुणेकरांची अशी पत्रे आपणांस नवी नसतील. तरीही पुढील रविवारी निदान ‘रोगा’शी जुळवलेले नाते तरी मागे घ्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे