कोपरावरचा व्रण

प्रिय निनाद,

काल पहाटे 3:40 ला तुझं चित्र आलं. आधी चित्र बघायला हवं होतं, मी वेळ बघितली. रविवारी दार आपटून गेलास, त्यानंतरचा तुझा हा पहिला निरोप, आणि मला सुचलं काय, तर "अजून जागाच आहेस?" तू उत्तर दिलं नाहीस. बरोबरच केलंस.

तुझ्या वयात मीही रात्रीच जगत होते रे. सगळे झोपले की मावशीच्या टेबलावर दिवा खाली ओढून घ्यायचा. फिकट निळ्या पेन्सिलीने कच्चं रेखाटन, कारण छपाईच्या कॅमेऱ्याला तो निळा दिसायचाच नाही, खोडत बसायला नको. मग टाक शाईत बुडवून पहिली रेघ. निब दाबली की फाकते, रेघ जाड होते. दाब सोडला की केसासारखी बारीक. त्या शांततेत निबेची खरखर ऐकू यायची आणि हात त्या आवाजावर चालायचा. दिवसा तसा कधी चाललाच नाही. रंग मात्र रात्री लावायचे नाहीत, हे फार उशिरा कळलं. बल्बच्या पिवळ्या उजेडात फिकट पिवळा कागदात हरवतो. मग रंगाचे हात वाढतच जातात, आणि सकाळी बघावं तर सगळं भडक.

तेव्हा "लवकर झोप" हे मी कुठल्या तोंडाने सांगू? तुझ्या वयात शरीराचं घड्याळच उशिराकडे झुकलेलं असतं, विशीच्या आसपास सगळ्यात जास्त. हे घड्याळ पेशीत कसं चालतं ते शोधणाऱ्या तिघांना 2017 साली नोबेल मिळालं. म्हणजे तू आळशी नाहीस. रविवारी मी तो शब्द वापरला, तो मागे घेते.

पण गाडी, निनाद. रात्रभर काम करून पहाटे बाईकवर बसतोस. सलग 17-18 तास जागलेला माणूस थोडी दारू प्यायल्यासारखाच मंदावतो, हे मोजून पाहिलेलं आहे. थेंबही न घेता तू तसा रस्त्यावर असतोस. बघ, झालं सुरू माझं भाषण. चुकलं.

माझ्या कोपरावरचा व्रण. जिन्यावरून पडले, असं तुम्हा दोघांना सांगत आले. ते खोटं होतं. मी 26 वर्षांची होते. रात्रभर बसून चित्र पूर्ण केलं आणि साडेपाचला स्कूटरवरून द्यायला निघाले. डोळा लागतोय असं वाटलंसुद्धा नाही. समोर रस्ता होता, आणि मग गालाखाली खडी होती. आधी चित्र चाचपलं, मग हात. चित्र छापून आलं. तुझे आजोबा एक शब्द बोलले नाहीत. स्कूटरची किल्ली महिनाभर त्यांच्या खिशात होती.

आज सकाळी तुझं चित्र नीट पाहिलं. छत्री धरून बसलेल्या म्हाताऱ्याची पाठ तीन रेघांत काढलीस. इतक्या वर्षांत मला अशी पाठ जमलेली नाही. चार वेळा उघडून बघितली. फक्त छत्रीच्या हाताचा अंगठा उलट्या बाजूला गेलाय. दिवसाउजेडी बघ, लगेच दिसेल.

शनिवारी ये. उशीर झाला तर गाडी तिथेच ठेव, दादाला पाठवते. नको असेल तर नाही पाठवत. पण निघालास की कळव, आणि पोचलास की पुन्हा कळव. कितीही वाजले असले तरी.

तुझी,
आई