पोसायडनच्या वाटेवर सायकल

मा. संपादक,

आपल्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५ च्या सुमारास उत्खनन झालं, तिथं पोसायडनची, म्हंजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, छोटीशी ब्राँझची मूर्ती मिळाली आणि ती आज टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे, पण आपल्या किती पोरांनी ती बघितलीय? ती इथवर आली व्यापारामुळं, सातवाहन काळात रोमन माल कोकणच्या बंदरात उतरायचा आणि घाटवाटांनी वर देशावर यायचा. पुढं शिलाहार राजांच्या काळातला खारेपाटणचा १००८ चा ताम्रपट बघा, परदेशातनं येणाऱ्या प्रत्येक जहाजामागं सोन्याचा एक गद्याण, म्हंजे त्या काळचं नाणं, देवळाला द्यायचा असं त्यात चक्क लिहिलंय!

हा सगळा मुलूख सायकलवरनं बघण्यासारखा आहे. आमचा ग्रुप कोल्हापूर, कळे, साळवण करत गगनबावडा आणि मग करूळ घाट उतरून वैभववाडी, खारेपाटण असा जातो, आता हा डांबरी रस्ता म्हंजे हुबेहूब जुनी वाट नव्हे, पण गाडीत बसून चढ कळत नाही, सायकलवर मांड्या भरून आल्या की माल लादलेले बैल त्या काळी कसे चढत असतील ते बरोबर कळतं. वाटेत पळसंब्याला नक्की वळा. ओढ्यातच अखंड दगडातनं कोरलेली देवळं आहेत, बाजूनं पाणी वाहतंय, दगड शेवाळलेला, केवढी शांतता!

दोनच मागण्या आहेत, या ठिकाणांवर नीट माहितीफलक लावा आणि ऊस सीझनला ट्रॉल्यांना मागं रिफ्लेक्टर सक्तीचे करा, पहाटे अंधारात त्या अजिबात दिसत नाहीत.

एक सायकलवाला वाचक, कोल्हापूर